मास्तरांच्या पोटाचे सहा कप्पे

एक पोट डोळ्यांसमोर आणा बरं. तुमचं नको, ते अजून लहान आहे. एखाद्या मोठ्या माणसाचं आणा. गोल, गुळगुळीत, सदऱ्याच्या खालच्या दोन गुंड्यांना रोज छळणारं. मालक उभा राहिला की त्याच्या एक पाऊल पुढे उभं राहणारं, आणि मालकाचं हसून झालं तरी थोडा वेळ एकटंच हसत राहणारं. आलं? आता त्या पोटाभोवती शिंप्याची टेप गुंडाळा आणि टेपेच्या टोकाला नऊ वर्षांची एक मुलगी लटकवा.

पोट टेलर मास्तरांचं आणि मुलगी त्यांची लेक. ती अंगानं बारीक होती, बोलायची टोचून, आणि नको तिथे घुसायची, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणायचे. पुढे दुकान, मागे घर, आणि मध्ये एक पडदा. टाचणीची आई बेकरीत कामाला होती. ती संध्याकाळी घरी आली की लोण्याचा आणि भाजलेल्या पावाचा वास तिच्याआधी पडद्यातून आत यायचा. एवढं सगळं छान चाललं होतं. मग एक दिवस टाचणीची जीभ घसरली.

झालं असं. व्यायामाच्या सरांनी वर्गात फळ्यावर एक पोट काढलं. मधोमध एक उभी रेघ, तिच्यावर आडव्या रेघा.

"हा पोटाचा स्नायू," सर म्हणाले. "या रेघांमुळे त्याचे असे कप्पे पडतात. लोक यालाच सिक्स पॅक म्हणतात. हे प्रत्येकाला असतात. तुम्हाला, मला, आपल्या शिपाईकाकांनासुद्धा. वर चरबीचा थर असला की दिसत नाहीत, इतकंच."

पुढच्या बाकावरून हात वर झाला. तो शिट्टीचा होता. तिचे पुढचे दोन दात पडले होते आणि प्रत्येक 'स'बरोबर तिच्या तोंडातून शिट्टी निघायची.

"सर, माझ्या बाबांचे दिसतात! सगळेच्या सगळे! ते आगीच्या बंबावर आहेत."

"माझ्या बाबांचेपण दिसतात," टाचणी म्हणाली.

'असतात' म्हणाली असती तर शंभर टक्के खरं होतं. पण ती म्हणाली 'दिसतात'. एका शब्दाचा फरक, पण अर्ध्या वर्गाचे गणवेश मास्तरांनी शिवलेले होते. माप द्यायला गेलेल्या प्रत्येकानं ते पोट अगदी नाकासमोर पाहिलेलं होतं. सगळा वर्ग खो खो हसत सुटला.

"कुणाला दिसतात गं? एक्स-रे काढणाऱ्याला?" मागून कुणीतरी ओरडलं.

"मला दिसतात! मी रोज बघते!" खड्ड्यात पडलेला माणूस कधीकधी आणखी खणतो, तसं तिचं झालं.

"मग पोहण्याच्या दिवशी आम्हीपण बघू," शिट्टी म्हणाली. तिच्या वाक्यात एकही 'स' नव्हता, त्यामुळे ते जास्तच गंभीर वाटलं.

शाळेचा पोहण्याचा दिवस सात आठवड्यांवर होता. त्या दिवशी बाबांची शर्यत असायची, आणि शर्यत सदरा घालून पोहत नाहीत. दोन रिकाम्या तासांत वर्गानं ठरवूनही टाकलं, की कप्पे दिसले नाहीत तर टाचणीचं नाव बदलायचं. नवीन नाव तयारच होतं. थापाडी.

घरी येऊन तिनं सगळं सांगून टाकलं. मास्तर गळ्यात टेप टाकून एका पँटीला काज करत होते. त्यांनी आधी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"पोटाला सहा कप्पे? त्यांत ठेवायचं काय?"

"ठेवायचं काही नसतं, बाबा. ते दाखवायचे असतात."

"असा खिसा मी कोटाला शिवतो. वर नुसतं झाकण, आत काही नाही."

"तुमचं उलटं आहे. आत आहे, पण वर झाकण आहे!"

मास्तरांना ते पटलं. त्यांनी हातातली सुई उशीला टोचली. "म्हणजे दुलईसारखं. टिपा मारलेल्या असतात, पण वरची खोळ जाड असली की दिसत नाहीत. बरं, पण तू उद्या जाऊन 'चुकलं' म्हण ना. त्यात काय?"

"सगळे मला थापाडी म्हणतील. कायमचं. लग्न झालं तरी."

खालचा ओठ थरथरायला लागला होता. मास्तर कात्रीला घाबरत नसत, गिऱ्हाइकाला घाबरत नसत, पण त्या ओठापुढे त्यांचं काही चालायचं नाही.

"लेकीनं बापाच्या पोटाचा शब्द दिलाय," ते म्हणाले. "बघू. खोळ काढता आली तर काढू."

दुसऱ्या दिवसापासून मास्तर कापायच्या मोठ्या टेबलाखाली पाय अडकवून उठाबशा काढायला लागले. बसून उठायच्या नव्हेत, आडवं पडून उठायच्या. दुकानात आलेल्या माणसाला टेबलापलीकडून एक डोकं वर येताना दिसायचं, 'हुं' म्हणायचं आणि परत गायब व्हायचं.

"मास्तर, आहात का?"

"आहे—" डोकं वर. "नाही—" डोकं खाली. "पँट... परवा... न्या!"

एकदा व्यायामाचे सरच आपली पँट न्यायला आले. ते डोक्याची ये-जा थोडा वेळ बघत राहिले.

"हे किती काढता रोज?"

"शंभर," मास्तर धापा टाकत म्हणाले. "पोटावरचं कमी करायचंय, म्हणून पोटालाच लावलंय कामाला."

"मास्तर, अंग म्हणजे कापड नव्हे," सर म्हणाले. "खडूनं खूण केली, तिथेच कापलं, असं होत नाही. याने आतले स्नायू बळकट होतील. पण चरबी अंगभरातून थोडी थोडी जाते. कुठून आधी जायचं ते ती आपल्याला विचारत नाही. आणि पुष्कळांच्या पोटावरची सगळ्यांत शेवटी हलते."

"मग करू काय?"

"चाला. पोहायला या. जेवण बंद करू नका, पोटभर जेवता त्याच्या दोन घास अलीकडे थांबा. झोप पूर्ण घ्या. आणि धीर धरा."

"सगळ्यांत कडू औषध शेवटी सांगितलंत," मास्तर म्हणाले.

पण ऐकलं त्यांनी. सकाळी चालायला जायचे, संध्याकाळी पोहायला. ताटात काकडी, उकडलेली अंडी, डाळ आली, आणि बेकरीतली बिस्किटं डब्याबाहेर यायची बंद झाली. पहिले काही दिवस फार वाईट गेले. पोटात कावळे ओरडायचे ते टाचणीला पडद्याआडून ऐकू यायचे. मास्तर कात्रीवर रागावायचे, धाग्यावर रागावायचे. एकदा आईनं त्यांना खुंटीवरच्या तिच्या कामाच्या एप्रनशी नाक लावून उभं असलेलं पकडलं.

"हे काय चाललंय?"

"नुसता वास घेतोय. वासानं काही चढत नाही."

"पोटाला चिमटा घ्या, पण माझ्या एप्रनला सोडा. निम्मं लोणी तुम्हीच हुंगून संपवलंत," आई म्हणाली आणि त्यांच्या पुढ्यात सूपचा वाडगा ठेवला.

दर रविवारी सकाळी माप व्हायचं. माप टाचणी घ्यायची, कारण स्वतःचं माप स्वतः घेतलं तर माणूस स्वतःला सूट देतो, असं मास्तरांचं म्हणणं. मास्तर डोळे घट्ट मिटून हात वर करायचे आणि ती टेप गुंडाळायची. शिंप्याच्या घरची मुलगी ती! टेपेखाली दोन बोटं घालूनच माप घ्यायचं, हे तिला अक्षरओळखीच्या आधी शिकवलेलं होतं. कपडा घातल्यावर माणसाला श्वास घेता आला पाहिजे ना, त्याच्यासाठी ती दोन बोटं.

पहिल्या रविवारी माप भरलं बेचाळीस. ते टेबलाच्या कडेवर खडूनं लिहिलं. दुसऱ्या रविवारी? बेचाळीस. तिसऱ्या रविवारी पुन्हा बेचाळीस.

आणि गंमत बघा, बाकी सगळं कमी होत होतं! गाल आत गेले. सदऱ्याची गळपट्टी सैल झाली. बोटातली अंगठी साबण लावताना घरंगळली आणि मोरीच्या जाळीवर जाऊन थांबली. पोट तेवढं जागचं हललं नव्हतं. चरबीनं जणू सगळीकडून माघार घेऊन तिथेच तळ ठोकला होता.

मास्तरांनी डोळे उघडून आकडा पाहिला आणि खुर्चीत बसले. "टाचणे, हे काही माझ्यानं व्हायचं नाही गं. तू सरांना सांग, शर्यतीतून नाव काढा म्हणून."

टाचणीनं टेप घट्ट धरली. नाव काढलं म्हणजे बाबा हरले आणि आपण थापाडी झालो.

"मी नीट घेतलं नाही वाटतं," ती म्हणाली. "थांबा, परत घेते. डोळे मिटा."

मास्तरांनी डोळे मिटले. टाचणीनं टेपेखालचं एक बोट हळूच बाहेर काढलं.

"साडेएक्केचाळीस!"

मास्तर ताडकन उठले. त्या दिवशी ते चालायला दोनदा गेले. आता तुम्हीच सांगा, अशी मुलगी पुढच्या रविवारी काय करील? तिनं दुसरंही बोट काढलं. एक्केचाळीस! मास्तर शीळ घालत काम करायला लागले. त्याच्या पुढच्या रविवारी बोटं संपली होती, म्हणून तिनं टेप ओढली. चाळीस! पोट खरंच थोडं उतरायला लागलं होतं, पण ते किती उतरलं आणि टेपेनं किती उतरवलं, याचा हिशेब आता टाचणीलाही लागत नव्हता. शेवटच्या रविवारी तिनं एक पाय टेबलाला लावून टेप ओढली.

"अगं, दम कोंडतोय!"

"चरबी जाताना तसं होतं, बाबा. एकोणचाळीस!"

आई पडद्याशी उभी राहून हे बघत होती. ती नुसतं "हं" म्हणाली. आईच्या 'हं'मध्ये पुष्कळ काही असतं, पण त्या दिवशी कुणाला वेळ नव्हता. मास्तर नवीन चड्डी शिवायला बसले होते. पोहायची, निळी, रेनकोटाच्या उरलेल्या कापडाची, कमरेला बटणाची पट्टी. नाडी घालायला त्यांनी साफ नकार दिला. म्हणाले, नाडी घालणं म्हणजे मापावर विश्वास नसणं.

आणि त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी आयुष्यात कधी केली नव्हती. कपडा शिवताना शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड दुमडून ठेवतात. त्याला शिंपी 'माया' म्हणतात. उद्या माणूस जाड झाला तर शिवण उसवायची, माया सोडायची, कपडा पुन्हा बसतो. 'मायेशिवाय कपडा नाही,' हे मास्तरांचं रोजचं वाक्य. पण या खेपेला त्यांनी माया ठेवलीच नाही.

"आता परत जाड व्हायचंच नाही, तर माया कशाला?" असं म्हणून त्यांनी कात्री चालवली. टाचणी बघत होती. तोंडापर्यंत आलेलं वाक्य तिनं तीनदा गिळलं.

गिऱ्हाइकांच्या घाईत चड्डीचं शेवटचं बटण लागलं ते थेट पोहण्याच्या दिवशी सकाळी. घालून बघायला वेळच मिळाला नाही.

पोहण्याच्या तलावाच्या एका कडेला कपडे बदलायच्या खोल्या होत्या, एकीला लागून एक, लाकडी दारांच्या, खाली वीतभर मोकळ्या. टाचणी बाहेरच्या बाकावर आईची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. आई पायऱ्यांवर जागा धरायला गेली होती. बाबांच्या दाराआडून आधी शीळ ऐकू आली. मग शीळ थांबली. मग "हुं" आलं. मग मोठं "हुंऽऽ". मग टर्रकन काहीतरी फाटलं, टक् करून काहीतरी उडालं, आणि एक निळं बटण दाराखालून घरंगळत शेजारच्या खोलीत गेलं.



"टाचणे," दाराआडून आवाज आला. "टेपेखाली बोटं किती होती?"

ती बाकाच्या कडेला बोट घासत बसली.

"टाचणे."

"पहिल्यांदा दोन. मग एक. मग... मग नव्हतीच. मग मी ओढली."

"किती ओढलीस?"

"पाय लावून."

दाराआडून घुसमटल्यासारखा आवाज यायला लागला. टाचणीला वाटलं, बाबा रडतायत. तिला स्वतःलाच रडू आलं. "बाबा, तुम्ही सोडून दिलं असतंत ना, म्हणून केलं. मी चुकले. मी खूप चुकले. आपण घरी जाऊ या."

पण मास्तर हसत होते. दार हलायला लागलं इतके हसत होते. "पाय लावून! अरे देवा! आणि मी मूर्ख, तीस वर्षं टेप हातात, आणि माझं पोट दोन इंच खाल्लंस तरी मला पत्ता नाही! माया न ठेवता शिवलं की काय होतं, कळलं मला. पिशवीत सुई-दोरा आहे का?"

शिंप्याच्या घरच्या पिशवीत सुई-दोरा नसेल असं कधी होतं का?

"दोरा ओव आणि दे. आणि टॉवेल दे, त्यातनं दोन पट्ट्या फाडतो. इंच-इंचाच्या."

टॉवेल होता लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा. टाचणीनं नाक पुसलं, एका दमात दोरा ओवला आणि सगळं दारावरून आत दिलं. तेवढ्यात शेजारच्या दाराखालून एक मोठा हात बाहेर आला. हातात निळं बटण होतं.

"हे तुमचं का, मास्तर?" आवाज शिट्टीच्या बाबांचा होता, त्या बंबावरच्यांचा. पण फार बारीक येत होता.

"माझंच. तुमचा आवाज असा का, भाऊ?"

"काय सांगू. कालपासून पाण्याचा थेंब घेतला नाही. पाणी कमी झालं की कप्पे उठून दिसतात म्हणे. एरवी माझेही एवढे दिसत नाहीत हो. पण लेकीनं वर्गात सांगून ठेवलंय, सगळेच्या सगळे! आता उभं राहिलं की भोवंडतंय."

"अहो, वेडे की काय!" मास्तर आतून ओरडले. "असं पाण्यात उतरलात तर तुमच्यासाठीच बंब बोलवावा लागेल. टाचणे, ऐकतेस ना?"

टाचणी कधीच पळाली होती. ती नळावरून बाटली भरून घेऊन आली आणि शेजारच्या दाराखालून आत सरकवली. आतून बराच वेळ गट्-गट्-गट् ऐकू येत राहिलं. मग एक लांब "आऽऽह" आलं, आणि मग, "पोरी, शिट्टीला सांगू नको हं."

तेव्हा टाचणीच्या लक्षात आलं, की आपल्या हातात केवढी मोठी गोष्ट लागली आहे! आत्ता बाहेर जाऊन वर्गासमोर एवढंच म्हणायचं, 'हिच्या बाबांचेपण दिसत नाहीत, पाणी न पिता दाखवतात.' मग थापाडी कोण? शिट्टी! वाक्य तिच्या जिभेच्या टोकावर येऊन नाचायला लागलं.

दारं उघडली. आधी शिट्टीचे बाबा बाहेर आले, हातात रिकामी बाटली, चेहऱ्यावर जरा रंग आलेला. मग मास्तर आले. निळी चड्डी आणि दोन्ही कुशींवर लाल-पांढऱ्या पट्ट्या, त्या खास तशाच शिवल्या आहेत असं वाटावं इतक्या सफाईदार. त्यांच्या वर, पहिल्यापेक्षा जरा लहान, पण गोल आणि गुळगुळीत पोट. त्यावर कप्पा एकही नव्हता.

तलावाच्या कडेला अख्खा वर्ग वाट बघत उभा होता. सगळ्यांत पुढे शिट्टी.

"दिसत तर नाहीत," ती म्हणाली.

टाचणीनं शिट्टीच्या बाबांकडे पाहिलं. ते खाली फरशीकडे बघत होते. तिनं जिभेवरचं ते वाक्य परत आत ढकललं आणि पोटात ठेवून दिलं.

"नाहीच दिसत," ती मोठ्यानं म्हणाली, मागच्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "मी पाहिलेच नव्हते. मी थाप मारली. दिसत नाहीत, पण असतात. सरांनी सांगितलंय."

मागून कुणीतरी "था—" म्हणायला तोंड उघडलं. पण मास्तर मध्येच म्हणाले, "ज्याला बघायचं त्यानं बोट लावून बघावं. सात आठवडे दमलोय मी त्यांच्यासाठी." त्यांनी श्वास रोखून पोट ताठ केलं.

शिट्टी पुढे आली. एक बोट वरवर दाबलं. मऊ. मग जोर लावून आत दाबलं, आणि तिचे डोळे मोठे झाले. "अय्या! आत फळीसारखं आहे! सगळंच सगळं!" तीन शिट्ट्या निघाल्या. झालं! सगळा वर्ग रांग लावून बोट दाबायला आला, तिसऱ्या बोटाला मास्तरांना गुदगुल्या झाल्या आणि ते असे हसत सुटले की पोट धरून वाकावं लागलं.

त्यात शर्यतीची शिट्टी कधी झाली ते त्यांना कळलंच नाही. बाकीच्या सगळ्या बाबांनी उड्या मारल्या, शिट्टीचे बाबा पार अर्ध्यात पोचले, आणि मास्तर अजून कडेलाच, हसून डोळे पुसत, "थांबा रे, एकेकानं, एकेकानं" म्हणत उभे.

तेव्हा टाचणी रांग सोडून त्यांच्या मागे गेली, दोन्ही हात त्यांच्या पाठीला लावले, एक पाय मागच्या भिंतीला टेकवला आणि होता नव्हता तो जोर लावून त्यांना पाण्यात ढकलून दिलं.